मुंबई उपनगरातला सातबारा: शेतजमिनीच्या कागदांवरचे शब्द आणि त्यांचे अर्थ

घाटकोपरमधल्या फ्लॅटच्या करारनाम्यात जमिनीचे वर्णन 'मौजे किरोळ, तालुका कुर्ला' असे येते. अंधेरीत 'मौजे आंबिवली' किंवा 'मौजे मोगरा', गोरेगावात 'मौजे पहाडी गोरेगाव', बोरिवलीत 'मौजे एक्सर' अशी नावे दिसतात. इमारती उभ्या राहिल्या तरी महसुली कागदांवर उपनगर अजून गावांचेच आहे. ही गावे पूर्वीच्या साष्टी बेटावरची. तिथे भातशेती, भाजीचे मळे, ताडामाडाच्या वाड्या आणि मिठागरे होती.

शेती पूर्ण संपलेलीही नाही. गोराई, मनोरी या भागांत आणि आरे वसाहतीतल्या आदिवासी पाड्यांवर आजही भात आणि भाजीपाला पिकतो. याखेरीज असंख्य कुटुंबांकडे आजोबा-पणजोबांच्या नावाचे जुने उतारे आहेत. वारसनोंद, पुनर्विकास, भूसंपादनाचा मोबदला किंवा जमिनीचा वाद निघाला की हे उतारे बाहेर येतात आणि त्यांतले शब्द अडतात. यातला एखादा शब्द चुकीचा समजला तर हक्क सांगण्याची मुदत निघून जाते, किंवा नको त्या कागदावर सही होते. म्हणून या कागदांवर नेहमी येणारे शब्द आणि उपनगरात त्यांना असलेला अर्थ पुढे दिला आहे.

मौजे, सजा आणि गावठाण

मौजे म्हणजे महसुली गाव. रेल्वे स्थानकाचे नाव आणि मौजेचे नाव एकच असेल असे नाही. उतारा शोधताना 'घाटकोपर' या नावावर नोंद न सापडण्याचे एक कारण हेच असते. जमीन किरोळ मौजेत असू शकते. मुंबई उपनगर जिल्हा आजच्या रूपात १९९० मध्ये झाला. त्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके आहेत. मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात.

सजा (काही कागदांवर 'सझा') म्हणजे एका तलाठ्याकडे असलेला गावांचा गट. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. काही सजांचे मिळून मंडळ होते आणि त्यावर मंडळ अधिकारी असतो. त्याच्या वर तहसीलदार आणि मग उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत.

गावठाण म्हणजे गावातल्या घरांसाठी राखलेली जागा. ही शेतजमीन नसल्यामुळे गावठाणातल्या घराला शेतीचा सातबारा नसतो. कोळी, ईस्ट इंडियन आणि आगरी कुटुंबांची अनेक जुनी घरे अशा गावठाणांत आहेत. 'तुमच्याकडे सातबारा नाही, म्हणजे घर तुमचे नाही' असे कोणी सांगितले तर ते बरोबर नाही. तिथे नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक आणि जुन्या कर पावत्या पाहाव्या लागतात.

सातबारा, आठ-अ आणि फेरफार

महसूल खाते गावाच्या नोंदी ठरावीक नमुन्यांत ठेवते. सातबारा हा त्यांतल्या दोन नमुन्यांचा एकत्र उतारा आहे. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे, क्षेत्र किती आहे आणि तिच्यावर आणखी कोणाचे हक्क आहेत, हे असते. गाव नमुना १२ मध्ये त्या वर्षी कोणते पीक होते याची नोंद असते.

आठ-अ हा खात्याचा उतारा. सातबारा एका भूमापन क्रमांकापुरता असतो, तर आठ-अवर एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. आजोबांची जमीन किती तुकड्यांत होती हे शोधायचे असेल तर आधी आठ-अ पाहणे सोपे जाते.

फेरफार म्हणजे नोंदीत झालेला बदल. तो गाव नमुना ६ मध्ये लिहिला जातो. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, कुळाचे नाव लागणे किंवा कमी होणे, या प्रत्येक बदलाला क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक सातबाऱ्यावर येतो. बदल करण्याआधी संबंधितांना नोटीस दिली जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत प्रांताकडे अपील करता येते.

सातबाऱ्यावर एखादे नाव कंसात असेल किंवा त्यावर आडवी रेघ असेल, तर ती नोंद आता चालू नाही असा अर्थ होतो. ती कशी कमी झाली हे शेजारच्या फेरफार क्रमांकावरून कळते.

सातबारा मालकी निर्माण करत नाही, हेही महत्त्वाचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. मालकीचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालय खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा यांवरून करते.

भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २

ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला उताऱ्यावर भोगवटादार म्हणतात. वर्ग १ ची जमीन विकायला सरकारची वेगळी परवानगी लागत नाही. वर्ग २ ची जमीन ही अटीची जमीन; सरकारने दिलेली किंवा कूळकायद्यातून मिळालेली जमीन सहसा या वर्गात असते आणि तिच्या हस्तांतरणाला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर १९७४ पासून कलम ३६-अ नुसार कडक बंधने आहेत. परवानगीशिवाय झालेला असा व्यवहार पुढे रद्द होऊ शकतो.

'इतर हक्क' हा उताऱ्यावरचा रकाना घाईत दुर्लक्षिला जातो. बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क आणि कुळाचे नाव याच रकान्यात असते. उपनगरातल्या जुन्या उताऱ्यांत अनेकदा सगळ्यात मोलाची नोंद इथेच सापडते.

हेक्टर, आर, गुंठा आणि आणे

उताऱ्यावर शेतीचे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा क्रमाने लिहितात. १ हेक्टर म्हणजे १०० आर आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. उदाहरणार्थ, ०.२५.३० याचा अर्थ शून्य हेक्टर, २५ आर, ३० चौरस मीटर. म्हणजे एकूण २,५३० चौरस मीटर.

बोलण्यात मात्र गुंठाच चालतो. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे १ गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा १ एकर आणि सुमारे २.४७ एकरांचा १ हेक्टर.

आर आणि गुंठा जवळपास सारखे असल्याने ते एकच समजले जातात. शेतात हा फरक जाणवत नाही. पण २५ गुंठे आणि २५ आर यांच्यात सुमारे ३१५ चौरस फुटांचा फरक पडतो, आणि उपनगरात एवढ्या जागेत एक कुटुंब राहते. करारात क्षेत्र कोणत्या एककात लिहिले आहे ते म्हणूनच पाहावे लागते.

आणे हा शब्द तीन अर्थांनी येतो. मोजणीत गुंठ्याचा सोळावा भाग म्हणजे १ आणा, सुमारे ६८ चौरस फूट. हिश्श्यात १६ आणे म्हणजे पूर्ण, म्हणून '४ आणे' म्हणजे चौथा हिस्सा. आणि पिकाची आणेवारी म्हणजे हंगामातल्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज, ज्याला आता पैसेवारी म्हणतात. जुन्या वाटणीपत्रातले '४ आणे' हे क्षेत्र आहे की हिस्सा, हे वाक्याच्या संदर्भावरूनच ठरते.

तरी, वरकस, खार आणि आगर

जमिनीच्या प्रकारांची नावे तिच्यावर काय पिकते यावरून पडली आहेत. जिरायत म्हणजे पावसावरची आणि बागायत म्हणजे पाण्याची सोय असलेली जमीन. कोकणपट्टीत त्यात तरी आणि वरकस यांची भर पडते.

तरी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेली भाताची जमीन. तिच्या एकेका तुकड्याला भातखाचर म्हणतात. वरकस म्हणजे उतारावरची, गवताची हलकी जमीन. तिच्यावर नाचणी, वरी अशी पिके घेतात. वरकस पडीक दिसली तरी भातशेतीला ती लागतेच, कारण राबासाठीचा पालापाचोळा, गवत आणि फांद्या तिथूनच येतात. राब म्हणजे पाला, गवत आणि शेण पसरून उन्हाळ्यात जमिनीचा छोटा तुकडा भाजणे. पावसाच्या सुरुवातीला तिथे भात पेरतात; त्याची रोपे म्हणजे आवण. ते उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावणी होते. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल घेतात. त्यामुळे खाचर एकाच्या आणि वरकस दुसऱ्याच्या नावावर गेली तर शेतीची घडी मोडते. जुन्या वाटणीपत्रांत म्हणूनच खाचराबरोबर वरकसही आवर्जून लिहिलेली असते.

खार किंवा खाजण म्हणजे खाडीलगतची खाऱ्या पाण्याची जमीन. मुंबईच्या खार या भागाच्या नावात हाच शब्द आहे. बांध घालून भरतीचे पाणी अडवले आणि काही पावसाळ्यांत मीठ धुऊन निघाले की अशा जमिनीत भात होते. या बांधातल्या झडपेला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडते आणि पावसाचे पाणी बाहेर जाते. भरतीला ती बंद होते. बांध फुटून खांड पडली आणि खारे पाणी आत शिरले की पीक जातेच, पुढची काही वर्षे जमीनही नापीक होते. अशा जमिनींच्या बांधांसाठी राज्यात महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम, १९७९ आहे. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने खारवट जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ ही भाताची वाणे दिली आहेत.

आगर या शब्दाचे कोकणात दोन अर्थ आहेत: मिठागर, आणि किनाऱ्यालगतची नारळ-सुपारीची बाग. मुलुंड, भांडुप, कांजूर या पट्ट्यातल्या कागदांवर तो बहुतेक मिठागर या अर्थाने येतो.

पोटखराबा म्हणजे भूमापन क्रमांकातला लागवडीस अयोग्य भाग. त्यातला वर्ग अ हा खडक, खाणी, नाले अशा कारणांनी न पिकणारा भाग असतो. वर्ग ब हा रस्ता, पाणवठा, स्मशानभूमी अशा सार्वजनिक कामासाठी ठेवलेला भाग असतो. पोटखराबा एकूण क्षेत्रात धरला जातो, लागवडीयोग्य क्षेत्रात नाही.

कूळ, खंड आणि वहिवाट

कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा. त्याबद्दल तो मालकाला देतो तो खंड. तो पैशांत किंवा धान्यात असे. निम्मे पीक देण्याच्या पद्धतीला अर्धेली म्हणतात. वहिवाट म्हणजे प्रत्यक्ष ताबा आणि वापर. वहिवाट असलेला प्रत्येक जण कूळ असतोच असे नाही. हा फरक उपनगरात फार महत्त्वाचा ठरतो.

ब्रिटिश काळात साष्टीतली अनेक गावे इनाम किंवा इस्टेट म्हणून मुंबईतल्या धनिकांना दिली गेली. पवईची इस्टेट फ्रामजी कावसजी बानाजी यांच्याकडे होती. जमीन एकाच्या नावावर आणि कसणारा वेगळा, ही स्थिती त्यामुळे इथे सर्रास होती. अशा इस्टेटींची महसूल माफी १९५१ च्या साष्टी इस्टेटविषयक कायद्याने संपवली.

कसणाऱ्यांसाठी मोठा बदल होता तो १९४८ च्या कूळकायद्याचा. त्यातल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. कलम ३२-ग नुसार किंमत ठरली, ती भरल्यावर कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले आणि राज्यातली लाखो कुळे मालक झाली.

मुंबईत हे घडले नाही. याच कायद्याच्या कलम ४३-सी नुसार बृहन्मुंबईच्या हद्दीतल्या जमिनींना खरेदीची ही कलमे लागू होत नाहीत. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत वाढली होती. फेब्रुवारी १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली, म्हणजे कृषक दिनाच्या जेमतेम दोन महिने आधी. मुलुंडच्या पलीकडे ठाण्याच्या ग्रामीण भागात कूळ मालक होत असताना अलीकडचे कूळ उताऱ्यावर कूळच राहिले.

याचा अर्थ त्या कुळांना काहीच हक्क नव्हता असा मात्र नाही. आधी मिळालेल्या कूळ हक्कांना त्याच कलमात संरक्षण आहे, आणि कुळाकडून जमीन परत घ्यायची तर मालकाला कायद्याने ठरवलेल्या अधिकाऱ्याकडे जावे लागते. नुसते हुसकावून लावता येत नाही. म्हणूनच 'इतर हक्क' रकान्यातले पणजोबांचे नाव आजही महत्त्वाचे आहे. ते नाव कंसात गेले असेल तर कोणत्या फेरफाराने, कोणत्या साली, कोणाच्या जबाबावरून आणि नोटीस दिली होती का, हे पाहावे लागते. 'ठाण्याच्या नातेवाइकांची जमीन झाली, मग आमची का नाही' या प्रश्नाचे उत्तरही बहुतेक वेळा कलम ४३-सी हेच असते.

एकसाली, परवाना आणि पाड्यांवरची शेती

एकसाली म्हणजे सरकारी जमीन एका वर्षापुरती कसायला देणे. दरवर्षी नूतनीकरण झाले तरी तेवढ्याने मालकी येत नाही. परवाना त्याहूनही मर्यादित असतो. रुळांलगत दिसणारे पालक-माठाचे मळे रेल्वेने 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली कर्मचाऱ्यांना परवान्यावर दिलेल्या जागेतले असतात. असा परवानाधारक कूळ ठरत नाही.

आरे वसाहतीतल्या वारली आणि इतर आदिवासी पाड्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. १९४९ मध्ये दुग्ध वसाहत उभी राहिली तेव्हा जमीन सरकारी दुग्ध खात्याकडे आली. पाड्यांवरची भातशेती त्याआधीपासूनची आहे. उताऱ्यावर भोगवटादार सरकार आणि शेतात वहिवाट आदिवासींची, अशी ही स्थिती आहे. वन हक्क कायदा, २००६ नुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला प्रत्यक्ष ताब्यातल्या, कमाल ४ हेक्टर जमिनीवर हक्क मागता येतो. पण हा कायदा वनजमिनीला लागू होतो. त्यामुळे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला पाडा आणि आरेतला पाडा यांत जेमतेम काही मीटरचे अंतर असले तरी आपला तुकडा कागदावर 'वन' आहे की दुग्ध खात्याचा, हा पहिला प्रश्न ठरतो.

पीक पाहणी

शेतात काय पेरले आहे याची दर हंगामातली नोंद म्हणजे पीक पाहणी. पूर्वी ती तलाठी करत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाचा फोटो व माहिती भरू लागला. नुकसानभरपाई आणि पीक विम्याला ही नोंद लागते.

मोबाइलवरची ही नोंद खातेदाराच्या नावाने होते. ज्याच्या नावावर खाते नाही, पण जो जमीन कसतो, त्याने पिकाचा फोटो काढला तरी ती नोंद त्याच्या नावावर जात नाही. नोंदीतल्या व्यक्तीऐवजी दुसराच जमीन कसत असेल तर तलाठ्याने नमुना १४ भरून तहसीलदाराकडे पाठवायचा असतो. चौकशीत ताबा सिद्ध झाला की गाव नमुना ७-ब मध्ये त्याची नोंद होते. नाव नसलेल्या वहिवाटदाराने मोबाइलवर विसंबून न राहता तहसीलदाराकडे लेखी अर्ज करून पोच घेणे म्हणून गरजेचे ठरते.

बिनशेती, मालमत्ता पत्रक आणि शेतकरी असल्याचा पुरावा

बिनशेती, अकृषिक किंवा एन. ए. म्हणजे शेतीखेरीज दुसऱ्या वापरासाठी मान्य झालेली जमीन. गृहनिर्माण संस्थांना ज्याच्या नोटिसा येत असत तो एन. ए. कर याच वापरावरचा होता. बिनशेती जमिनीच्या उताऱ्यावर गाव नमुना १२ ची आवश्यकता नाही अशी सूचना येते.

मालमत्ता पत्रक हा नगर भूमापन झालेल्या भागातला जमिनीचा कागद. त्यावरचा नगर भूमापन क्रमांक उपनगरात सी. टी. एस. नंबर म्हणून ओळखला जातो. तो आणि जुना सर्व्हे नंबर वेगळे असतात. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या सी. टी. एस. क्रमांकांत गेला हे नगर भूमापन कार्यालयातल्या नोंदींवरून जुळवावे लागते.

यात एक तोटा लपलेला असतो. कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार राज्यात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि शेतकरी असल्याचा नेहमीचा पुरावा म्हणजे आपल्या नावाचा शेतीचा सातबारा. उपनगरातली शेवटची शेतजमीन विकली किंवा बिनशेती झाली की तो पुरावा संपतो. पुढे त्याच कुटुंबाला पालघर किंवा रायगडमध्ये शेती घ्यायची झाली तर अडचण येते. जमीन जाण्याआधी सातबारा, आठ-अ आणि सर्व फेरफारांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवणे यासाठी आवश्यक आहे.

जुना उतारा हाती आल्यावर काय पाहावे

मौजे, तालुका आणि भूमापन क्रमांक आधी लिहून घ्यावा. क्षेत्राचे एकक पाहावे. भोगवटादाराचा वर्ग आणि 'इतर हक्क' रकाना वाचावा. कंसातल्या प्रत्येक नावाचा फेरफार काढावा. खातेदार वारला असेल तर ३ महिन्यांच्या आत वारसनोंदीसाठी अर्ज द्यावा, आणि त्यात मुलींसह सर्व वारसांची नावे असावीत. महाभूलेख संकेतस्थळावर दिसणारा साधा उतारा माहितीपुरता असतो. कचेरीत किंवा न्यायालयात डिजिटल स्वाक्षरीची किंवा प्रमाणित प्रत लागते. जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मागवता येतात.

जबाब, संमतीपत्र किंवा हक्कसोडपत्र यावर सही मागितली गेली तर ती करण्यापूर्वी त्यातले कूळ, वहिवाट, खंड, हिस्सा हे शब्द नेमके कशाबद्दल आहेत हे वकिलाकडून समजून घ्यावे. 'मी फक्त वहिवाटदार आहे, कूळ नाही' एवढे एक वाक्य लिहून दिले तरी तीन पिढ्यांचा दावा कमकुवत होऊ शकतो.